एक ते तीन वर्षांच्या पोरांसाठी खरंच वापरात आलेली खेळणी नि सामान (सोलापूरकरांनो, जरूर लिहा)

जुळे_सोलापूरची_आई

माझी नणंद गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) येणारे पुण्याहून, तिचं पोरगं सव्वा वर्षाचं. तिनं फोनवर सरळ सांगितलंय की वहिनी, जाहिरातीतलं काही नको, तुमच्या घरात जे रोज हाताळलं जातंय तेवढंच सांगा. माझं सांगते, तुम्ही भर घाला.

लेक आता अडीच वर्षांची. सगळ्यात वर साधे लाकडी ठोकळे. रंग नाही, आवाज नाही, दिवे नाहीत. ओळखीच्या सुताराकडून सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांचे करून घेतले, कोपरे गोल करून सगळीकडून पॉलिश पेपर मारून दिला त्यानं, वॉर्निश लावू नका म्हणून आधीच सांगितलेलं. वर्षाची होती तेव्हा आम्ही रचायचो नि ती पाडायची, तेवढाच खेळ. दीड वर्षाला दोन-तीन एकावर एक ठेवायला लागली, दोनची झाली तशी ओळीत लावून आगगाडी, आणि आता त्याच ठोकळ्यांचं सिद्धेश्वराचं देऊळ होतं, भोवती माझी निळी ओढणी पसरून तळं नि तळ्यात मासे म्हणून कपड्यांचे चिमटे. इतका काळ टिकलेलं दुसरं खेळणं आमच्या घरात नाही.

दुसरी वस्तू जुनी सोलापुरी चादर. पोरीला मधोमध बसवायचं, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरायला सांगायच्या नि आपण पुढची दोन टोकं धरून फरशीवरून ओढत न्यायचं, हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून व्हरांड्यात, वळणावर सावकाश. तोल सांभाळताना पोट नि पाठ ताठ ठेवावी लागते पोराला, चांगला व्यायाम होतो. पातळ बेडशीटवर हे जमत नाही, ती गोळा होते, चादर जाड नि घट्ट विणीची म्हणून नीट सरकते. मे महिन्यात दुपारी बाहेर ४२-४३ डिग्री असतं तेव्हा तीच चादर दोन खुर्च्यांवर टाकून घर करतो, कूलरच्या समोर.

सामानात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो गाडीवर पोराला बांधायचा बेल्ट, त्याचं खाली सविस्तर लिहिते कुणी विचारलं तर.

मागवाला_बाबा

ताई, चादरीचं वाचून लई बरं वाटलं, आमच्या घरात तीन पिढ्या मागावर गेल्यात. मी एक वस्तू सांगतो जी दुकानात मिळणार नाही. सुताचे कोन. कारखान्यात सूत संपलं की पुठ्ठ्याचे रिकामे कोन उरतात, सगळे एका मापाचे, खाली रुंद वर निमुळते, एकावर एक चढवत गेलं की पोराच्या डोक्याएवढा मनोरा होतो. आमचं पोरगं पावणेदोन वर्षांचं. आधी मनोरा करतंय, मग लांबून पळत येऊन डोक्यानं पाडतंय, मग एकेक कोन तोंडाला लावून कर्ण्यासारखं ओरडतंय. गुलाबी, हिरवे, पट्ट्यापट्ट्याचे कोन असतात, त्यामुळं रंग जुळवणं पण त्यातच होतं.

फक्त एक काळजी घ्यायचीच. कोनाला चिकटलेलं सूत शेवटच्या धाग्यापर्यंत सोडवून काढा. बारीक धागा बाळाच्या बोटाला वेढला तर रक्त अडतं, बोट सुजतं नि मग धागा दिसतसुद्धा नाही. आणि चावून चावून पुठ्ठा ओला झाला की तो कोन टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा, फुकटच आहे.

अक्कलकोट_रोडची_आजी

बाळांनो, तुम्ही लाकडाचं नि पुठ्ठ्याचं बोलताय, मी पिठाचं बोलते. नातू सव्वादोन वर्षांचा, सुनेची शाळा असते म्हणून दुपारपर्यंत माझ्यापाशी. मी भाकरी करायला बसले की त्याला शेजारी पाट आणि एक स्टीलची ताटली उलटी करून. ज्वारीच्या पिठात कढत पाणी घालून मळलेला गोळा चांगला निवला की लिंबाएवढा त्याच्या हातात. आधी मुठीनं दाबतो, मग माझ्या हाताकडं बघून तळवा सपाट करतो नि थापायला लागतो, पीठ कोपरापर्यंत. कडेला चिरा पडल्या की मी म्हणते पाणी लाव, तो वाटीत बोट बुडवून बरोबर चिरेवर फिरवतो. ती वेडीवाकडी भाकरी मी तव्याच्या कोपऱ्यात भाजते आणि ती त्यालाच द्यायची, तुपाचं बोट लावून. दुसऱ्या कुणी खाल्लेली चालत नाही.

आमच्या वेळची भातुकली पितळेची होती, माझी अजून आहे पण ती लहान लहान बोळकी मी एवढ्यात देत नाही, झाकणं अगदी बोटाच्या पेराएवढी आहेत. घरातले खरे डबे, खरी वाटी, खरी पळी देते. पोरांना खरं कळतं.

बार्शीची_सून

आजी किती छान लिहिलंत! मी पण आजपासून करणार.

मला एक विचारायचं होतं, माझ्या भावानं भाच्यासाठी वॉकर आणलाय, गोल, चाकं असलेला, मधे बसायची झोळी, समोर गाणी वाजणारा ट्रे. पोरगं दहा महिन्यांचं. सासूबाई म्हणतात लवकर चालायला लागेल. डॉक्टरांनी नको सांगितलं पण नीट कारण सांगितलं नाही, भावाचं मन कसं मोडू?

बालवाडीवाली_ताई

ताई, नकाच वापरू. कारण सांगते म्हणजे घरी पण सांगता येईल. वॉकरमध्ये पोरगं बसलेलं असतं, उभं नसतं. पायाच्या चवड्यानं जमीन ढकलायची तेवढीच सवय लागते, टाच टेकत नाही, स्वतःचा तोल सांभाळावा लागत नाही आणि मधे ट्रे असल्यामुळं आपले पाय दिसतही नाहीत. त्यामुळं चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. पण खरा धोका वेगाचा. दहा महिन्यांचं पोरगं क्षणात खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातं, आपण समोर असलो तरी हात पोचत नाही. जिना, उंबरा, टेबलावरचा चहा, इस्त्रीची वायर, सगळं अचानक त्याच्या टप्प्यात येतं. कॅनडानं २००४ साली वॉकरची विक्रीच बंद केली, जुना वापरलेला विकायलाही तिथं बंदी आहे. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही कित्येक वर्षं बंदीची मागणी करतेय.

भावाला सांगा की बदलून दुसरं आण, मामाचं म्हणून तेच रोज वापरू.

पंढरीचा_मामा

बदलून काय आणायचं ते मी सांगतो. पांगुळगाडा! पंढरपुरात देवळाकडच्या गल्ल्यांत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत तिथं मिळतो, तीन चाकं आणि धरायला आडवी दांडी. वॉकर नि पांगुळगाड्यात फरक असा की ह्यात पोरगं बसत नाही, मागं उभं राहून ढकलतं, पाय पूर्ण टेकलेला, वजन स्वतःच्या पायावर. थांबावंसं वाटलं की दांडी सोडून खाली बसतं. स्वतः धरून उभं राहायला लागल्यावरच द्यायचा, आधी नाही. घेताना दोन गोष्टी बघा, चाकं फार मोकळी फिरत असतील तर गुळगुळीत फरशीवर गाडा पुढं पळतो नि पोरगं तोंडावर येतं, चाकाला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून घ्या म्हणजे पकड येते. आणि दांडीला खिळ्याचं टोक वर आलेलं नाही ना ते हात फिरवून बघा.

चालायला लागल्यावर सुद्धा तो वाया जात नाही, त्यात बाहुल्या, कांदे, बटाटे, सगळ्यांची वारी निघते.

बार्शीची_सून

मामा, ताई, दोघांचे आभार. भाऊ लगेच तयार झाला, कार्तिकीला जाणारच आहे म्हणाला पंढरपूरला.

उद्यान_एक्सप्रेस

मी बेंगळुरूत नोकरीला, घर सोलापुरात. येताना दर वेळी चन्नपट्टणची खेळणी आणतो भाच्यांना. गाव बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर आहे, रेल्वेनं पण जाता येतं. लेथवर लाकूड फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर चढते, मग पानानं घासून चमक आणतात. ब्रश नाही त्यामुळं पोपडे उडत नाहीत. एकात एक रिंगा बसवायचा मनोरा, खुळखुळा, दोरीनं ओढायचं बदक, हे तिन्ही मला फार आवडतात. ओढायच्या खेळण्याची दोरी मात्र आखूड हवी, लांब असेल तर कापून घ्या, गळ्याभोवती जाईल इतकी नको.

एक शंका मला बरेच जण विचारतात की ह्याच्यावर आयएसआय मार्क का नाही. तर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, देशी असो की परदेशी. पण भौगोलिक मानांकनवाल्या (म्हणजे त्या गावाची खासियत म्हणून सरकारदरबारी नोंदलेल्या) खेळण्यांना नि हस्तकला आयुक्तांकडं नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट दिलेली आहे, चन्नपट्टण त्यात येतं. कारखान्यातलं प्लास्टिकचं खेळणं असेल तर मात्र मार्क बघाच. मार्कजवळ सीएम/एल नं सुरू होणारा परवाना नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाकला की खरा की खोटा कळतं.

विजापूर_रोड_बाबा

मी जरा वेगळं बोलतो. बॅटरीची खेळणी सगळी वाईट असं नाही की ओ. आमच्या पोराला एक छोटा कीबोर्ड आहे, तो दाबतो नि नाचतो, आम्ही पण नाचतो. ठोकळे त्याला दोन मिनिटं पण नकोत. प्रत्येक पोरगं वेगळं असतं.

बालवाडीवाली_ताई

दादा, कीबोर्ड चांगलाच आहे, दाबलं की आवाज येतो हे पोराला स्वतः शोधायला मिळतं. माझा आक्षेप आहे तो एक बटण दाबलं की खेळणंच पाच मिनिटं नाचतं नि पोरगं नुसतं बघत बसतं त्याला. आणि बॅटरीचा कप्पा स्क्रूनं बंद होणारा आहे ना ते आज रात्रीच बघा. चपट्या बटणासारख्या सेलचा धोका फार मोठा आहे. गिळला नि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून काढू शकतो, आणि सुरुवातीला पोरगं नुसती लाळ गाळतं किंवा खात नाही, बाकी काही दिसत नाही. शंका जरी आली तरी थांबायचं नाही, उलटी काढायची नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं. टीव्हीचे छोटे रिमोट, वजनकाटा, गाणारं ग्रीटिंग कार्ड, गाडीची चावी, सगळ्यात तो सेल असतो.

तीन वर्षांखालच्या खेळण्याचे तुकडे तपासायला एक ठरलेली नळी असते, ३१.७ मिलिमीटर व्यासाची. त्यात जो तुकडा न दाबता पूर्ण बसतो तो ह्या वयाला चालत नाही. घरात अंदाज यावा म्हणून सांगते, आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, म्हणजे त्याहून थोड्या मोठ्या वस्तूसुद्धा धोक्यात येतात. म्हणून आजींनी पितळी झाकणं बाजूला ठेवलीत ते मला फार पटलं. मोठ्या भावाबहिणींचे लोहचुंबकाचे मणी तर घरात नकोतच, दोन वेगवेगळे गिळले तर आतड्याला चिमटा बसतो.

जुळे_सोलापूरची_आई

गड्ड्याचं पण ह्यावरूनच सुचलं. होम मैदानावर स्टॉलची रांग लागली की पोरांचा हात सगळीकडं जातो. मी भिरभिरं घेते, ढोलकी घेते, मोठा चेंडू घेते. शिट्टी आत असलेली प्राणी-खेळणी घेत नाही, दाबून दाबून ती शिट्टी बाहेर येते. आणि फुगा फुटला की तुकडे तिथल्या तिथं उचलते, रबराचा तुकडा घशावर चिकटून बसतो.

संक्रांतीनंतर बोरन्हाण असतं घरोघरी. बोरं, शेंगा, चॉकलेटच्या गोळ्या लहान पोरांच्या डोक्यावरून ओततात नि सगळी पोरं जमिनीवरून वेचून तोंडात घालतात. आमच्याकडं आम्ही चुरमुरे, बिस्किटं नि छोटे मऊ चेंडू टाकतो. शेंगदाणा अख्खा तर चार वर्षांपर्यंत नकोच, श्वासनलिकेत जातो. आपल्या सोलापुरात शेंगा वाटीवाटीनं घरभर असतात म्हणून मुद्दाम लिहिते. चटणी बिनधास्त द्या, ती कुटलेली असते, फक्त तिखट कमी.

होटगी_रोड_नवी_आई

प्रॅमबद्दल कुणीच बोललं नाही. घ्यावी का? बजेट सात-आठ हजार आहे.

विजापूर_रोड_बाबा

आमची प्रॅम सोसायटीच्या पार्किंगमधेच फिरते. रस्त्यावर फुटपाथ सलग नाही, स्पीडब्रेकर, खडी, मधेच ड्रेनेजचं झाकण. छोट्या चाकांची तर अजिबात नको, पुढचं चाक खडीत अडकतं नि पूर्ण प्रॅम पुढं कलते. घ्यायचीच असेल तर मोठी चाकं, पाच पट्ट्यांचा बेल्ट नि पाठ आडवी होणारी. आणि उन्हात वरून कापड टाकून झाकू नका, आत हवा कोंडून भट्टी होते.

जुळे_सोलापूरची_आई

मी तेच पैसे कॅरिअरला घालीन. सुती कापडाचा, कंबरेला रुंद पट्टा असलेला. बाळ त्यात बसल्यावर गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर नि मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार असं हवं, पाय नुसते लोंबकळत राहणारे कॅरिअर घेऊ नका, खुब्यावर ताण येतो. देवळात, मंडईत, रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर हात मोकळे राहतात. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत नि संध्याकाळी सहानंतरच, कारण दोघांचं अंग चिकटून घाम फार येतो, मधे पातळ पंचा ठेवायचा.

होटगी_रोड_नवी_आई

धन्यवाद ताई. आणि तो गाडीचा बेल्ट? आमच्याकडं स्कूटरच आहे.

जुळे_सोलापूरची_आई

हां, त्यासाठीच थांबले होते. १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशभर नियम लागू आहे, चार वर्षांखालचं मूल दुचाकीवर असेल तर त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा बेल्ट हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत हेल्मेट हवं, नि गाडी ४० च्या पुढं न्यायची नाही. बेल्ट म्हणजे पोराला जाकिटासारखा घालायचा नि त्याचे पट्टे आपल्या खांद्यावरून येतात, म्हणजे पोराचं वरचं अंग आपल्या अंगाला जोडलेलं. तीस किलोपर्यंत वजन पेलणारा, नायलॉनचा, आत फोम असलेला घ्या. पट्टा घालून झाला की दोन बोटं जातील एवढीच सैल जागा ठेवायची.

सात रस्त्याला सिग्नलवर मी रोज बघते, पोरं पुढं फूटबोर्डवर उभी, तोंड हँडलच्या उंचीला, झोप आलेली, मान हलतेय. जोरात ब्रेक लागला तर सगळ्यात आधी त्याच पोराचा चेहरा आदळणार. मला ते बघवत नाही खरंच. खेळण्यांवर आपण हजारो घालतो, त्यातलं एक खेळणं कमी करून हा बेल्ट नि मापाचं हेल्मेट घ्या. हेल्मेट हलवून बघायचं, डोकं न हलता हेल्मेट फिरलं तर मोठं आहे.

उद्यान_एक्सप्रेस

कारवाल्यांसाठी पण एक ओळ. मांडीवर घेऊन पुढं बसायचं नाही. चाइल्ड सीट मागच्या सीटवर, आणि लहान पोरगं तोंड मागच्या काचेकडं करून. युरोपच्या आर१२९ नियमात किमान पंधरा महिने तसंच बसवायला सांगितलंय. पुढच्या सीटला एअरबॅग चालू असेल तर उलट्या तोंडाची सीट तिथं कधीच लावू नका. तुळजापूर, अक्कलकोट, जवळचं म्हणून लोक लावत नाहीत, पण हायवे तोच असतो.

मागवाला_बाबा

पाण्याच्या खेळाचं कुणी लिहिलं नाही. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, मग टब भरून कोण देणार. पण परातीत दोन तांबे पाणी, एक गाळणं, एक नरसाळं, एक स्पंज नि दोन वाट्या दिल्या की पोरगं अर्धा तास हलत नाही. ह्या वाटीतून त्या वाटीत, स्पंज पिळ, परत बुडव. खाली टॉवेल, आपल्याच गावचा टर्किश. नंतर ते पाणी कुंडीत. आणि आपण तिथंच बसायचं, दोन बोटं पाणी असलं तरी उठून जायचं नाही.

बालवाडीवाली_ताई

फार छान दादा. ओतणं, पिळणं ह्यानं मनगट नि बोटं तयार होतात, पुढं पेन्सिल धरायला हेच लागतं.

अजून एक सुचवू का? सगळी खेळणी एकदम बाहेर ठेवू नका. चार-पाच खाली, बाकी पेटीत, पंधरा दिवसांनी अदलाबदल. जुनंच खेळणं नव्यासारखं होतं. आणि आपण इथं इतके जण आहोत तर घराघरांत पण अदलाबदल करता येईल.

जुळे_सोलापूरची_आई

ताई, मस्त कल्पना! किल्ल्याच्या बागेत भेटायचं का येत्या रविवारी? सकाळी साडेआठ, ऊन चढायच्या आत. खेळणी धुऊन, वाळवून आणा, तुटकं नको, बटण-सेलवालं नको. ज्याच्यावर नाव घालायचंय त्यांनी चिकटपट्टीवर लिहून लावा. मी ठोकळे आणते अर्धे.

अक्कलकोट_रोडची_आजी

मी येते नातवाला घेऊन. दशम्या नि शेंगाची चटणी आणीन, पोरांसाठी बिनतिखटाची वेगळी.

होटगी_रोड_नवी_आई

मी पण. बेल्ट घालून दाखवा ना ताई तिथं, व्हिडिओ बघून पट्टे कुठून कुठं जातात ते नीट समजत नाही.

मागवाला_बाबा

कोनांची एक गोणी घेऊन येतो, सूत काढून, झटकून. कुणाला किती हवेत ते शनिवारपर्यंत इथंच लिहा, कमी पडले तर शेजारच्या कारखान्यातून मागून घेतो.